कुत्रा चावल्यावर कुत्र्याची तपासणी : प्रयोगशाळा काय सांगते आणि काय सांगू शकत नाही

कुत्रा चावला की घरात दोन प्रश्न एकदम उभे राहतात. माणसाला इंजेक्शने कधी द्यायची, आणि कुत्रा पिसाळलेला आहे का हे तपासून घेता येईल का? कुत्रा घरचा, शेजारचा किंवा शेतातल्या आखाड्यावरचा असेल तर नातेवाईक हमखास म्हणतात, "डॉक्टर, आधी कुत्र्याचं रक्त तपासून घेऊ. काही निघालं नाही तर कशाला उगाच इंजेक्शनं?"

ऐकायला हे बरोबर वाटते. ताप आला की आपण रक्त तपासतो आणि रिपोर्ट पाहून औषध ठरवतो. रेबीजच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा आहे. आधी उपचार, मग कुत्र्याचा विचार. याचे कारण समजून घेतले तर पुढची सगळी माहिती सोपी होईल.

थोडक्यात उत्तर

- जिवंत कुत्र्याला रेबीज आहे की नाही हे खात्रीने सांगणारी रक्ताची चाचणी नाही.
- रेबीजची पक्की चाचणी कुत्रा मेल्यानंतर त्याच्या मेंदूच्या नमुन्यावर होते.
- कुत्रा जिवंत असेल तर १० दिवस त्याच्यावर नजर ठेवणे हीच सर्वात उपयोगी तपासणी.
- या १० दिवसांत तुमची लस थांबवायची नाही. ती पहिल्याच दिवशी सुरू करायची.
- पार्व्हो, डिस्टेंपर यांच्या चाचण्या कुत्र्याच्या उपचारासाठी असतात. त्यावरून रेबीजबद्दल काहीही कळत नाही.

जिवंत कुत्र्याच्या रक्तात रेबीज का सापडत नाही?

डेंग्यूचा विषाणू रक्तात फिरतो, म्हणून तो रक्ताच्या चाचणीत सापडतो. रेबीजचा विषाणू वेगळ्या वाटेने जातो. चाव्यातून लाळेबरोबर तो स्नायूत शिरतो, तिथून मज्जातंतूत घुसतो आणि त्या मज्जातंतूच्या आतून हळूहळू मणक्यातील मज्जारज्जूकडे आणि मग मेंदूकडे सरकतो. मेंदूत वाढल्यावर तो परत मज्जातंतूंच्या वाटेने लाळग्रंथीत उतरतो. तेव्हापासून कुत्र्याची लाळ धोकादायक होते. या सगळ्या प्रवासात तो रक्तात जवळजवळ येतच नाही.

"मग लाळ तपासा," असे तुम्ही म्हणाल. लाळेत विषाणू सतत सारख्या प्रमाणात येत नाही. आज घेतलेल्या लाळेत तो सापडला नाही, म्हणजे कुत्र्याला रेबीज नाही, असे म्हणता येत नाही. असा निगेटिव्ह रिपोर्ट खोटा दिलासा देतो, आणि रेबीजमध्ये खोटा दिलासा जीवावर बेततो.

तिसरा पर्याय म्हणजे अँटिबॉडी, मराठीत प्रतिपिंडे. त्या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या असतात. पण रेबीज झालेल्या कुत्र्यात त्या फार उशिरा तयार होतात किंवा होतच नाहीत. उलट, लस टोचलेल्या निरोगी कुत्र्यात त्या भरपूर असतात. म्हणजे अँटिबॉडी सापडल्या तरी त्या आजाराने आल्या की लसीने, हे कळत नाही.

पक्की चाचणी कोणती?

रेबीजचा विषाणू मेंदूत ठाण मांडून बसतो, म्हणून तो तिथेच शोधावा लागतो. कुत्रा मेल्यानंतर मेंदूचा मागचा-खालचा भाग, म्हणजे ब्रेन स्टेम, आणि लहान मेंदू यांतून नमुना घेतात. पुढे या चाचण्या होतात.

फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी. मेंदूच्या नमुन्यावर चमकणारा रंग जोडलेल्या अँटिबॉडी टाकतात. विषाणू असेल तर त्या त्याला चिकटतात आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट चमकतात. जगभर हीच प्रमाण चाचणी मानली जाते. नमुना ताजा असेल तर निकाल काही तासांत तयार होतो.

डीआरआयटी. तत्त्व तेच, पण साध्या सूक्ष्मदर्शकावर होते, म्हणून कमी सोयी असलेल्या प्रयोगशाळेलाही जमते.

पीसीआर. यात विषाणूचा जनुकीय अंश शोधतात. कोविडमुळे हे नाव सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहे. नमुना थोडा खराब झाला असेल तेव्हा याची विशेष मदत होते.

नेग्री बॉडी पाहणे. १९०३ साली इटलीच्या अडेल्की नेग्री यांनी रेबीज झालेल्या जनावरांच्या मेंदूत काही विशिष्ट ठिपके पाहिले. पुढे अनेक दशके निदान यावरच होत असे. पण रेबीज असूनही हे ठिपके न दिसणारी बरीच जनावरे असतात, म्हणून आता केवळ यावर विसंबत नाहीत.

बाजारात रेबीजचे झटपट किटही मिळतात. गर्भधारणेच्या चाचणीसारखी पट्टी असते. तेही मुख्यतः मेंदूच्या नमुन्यासाठीच वापरले जातात. कुणी जिवंत कुत्र्याची लाळ किटवर टाकून "एक रेघ आली, काळजी करू नका" म्हणत असेल तर त्यावर लस थांबवू नका.

कुत्र्याच्या इतर विषाणूंच्या चाचण्या

पशुवैद्यकांकडे कुत्रा नेला आणि "व्हायरलची टेस्ट केली" असे कळले, तर ती कोणत्या विषाणूची हे विचारा. बहुतेक वेळा ती पुढीलपैकी एक असते.

पार्व्हो. पिल्लांना उलट्या आणि रक्ताची, उग्र वासाची हगवण लागते. १९७८ च्या सुमारास हा विषाणू जगभर पसरला. चाचणी विष्ठेवर होते. किटवर काही मिनिटांत निकाल मिळतो, पीसीआर अधिक बारीक शोध घेते. आजाराच्या फार सुरुवातीला किंवा बराच उशिरा केली तर चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. नुकतीच पार्व्होची लस दिलेली असेल तर कधी आजार नसताना पॉझिटिव्हही येते. हा विषाणू माणसाला लागत नाही. मुलांमध्ये दिसणारा 'पार्व्हो बी-१९' हा वेगळा विषाणू आहे. मात्र कुत्र्यांचा पार्व्हो अंगणात, जमिनीवर अनेक महिने टिकतो. पिल्लू दगावल्यावर लगेच त्याच जागी लस न झालेले दुसरे पिल्लू आणू नका.

डिस्टेंपर. हा गोवराच्या विषाणूचा भाऊबंद. डोळ्यांतून-नाकातून चिकट स्राव, ताप, खोकला, नंतर झटके, जबड्याची थरथर, लडखडणे. डोळ्याच्या आतील स्राव, रक्त किंवा लघवीवर चाचणी होते. माणसाला याचा आजार होत नाही. पण इथे एक सापळा आहे. मेंदूवर परिणाम झालेला डिस्टेंपरचा कुत्रा आणि रेबीजचा कुत्रा वरवर सारखेच दिसू शकतात. डिस्टेंपरची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून रेबीज नाहीच, असे ठरत नाही. अशा कुत्र्याने चावा घेतला असेल तर लस घ्यायचीच.

कुत्र्यांची संसर्गजन्य कावीळ आणि कुत्र्यांचा कोरोना. हे दोन्ही कुत्र्यांचे आजार. कुत्र्यांच्या आतड्याचा कोरोना आणि कोविडचा कोरोना वेगळे आहेत.

रेबीज अँटिबॉडीची पातळी. ही एकच 'रेबीजची रक्ततपासणी' जिवंत कुत्र्यात रीतसर केली जाते. पण ती लस लागू पडली का, एवढेच सांगते. मिलीलिटरला ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त पातळी पुरेशी मानतात. परदेशी स्थायिक होणारी कुटुंबे घरचा कुत्रा सोबत नेतात तेव्हा युरोपातील देश ही तपासणी मागतात. भारतातून नेताना लस दिल्यावर किमान ३० दिवसांनी रक्त द्यावे लागते आणि त्यानंतर तीन महिने थांबावे लागते. हा रिपोर्ट दाखवून कुणी "आमच्या कुत्र्याला रेबीज नाही" म्हणत असेल तर ते कागदाचा चुकीचा अर्थ लावत आहेत.

लेप्टोस्पायरा हा विषाणू नाही, जिवाणू आहे. पण तो कुत्र्याच्या लघवीतून माणसाला लागू शकतो. तुमच्या कुत्र्याचा लेप्टोचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल आणि घरात कुणाला ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे, कावीळ असे काही असेल तर आपल्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

१० दिवसांची नजर : घरी होणारी तपासणी

रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासून येऊ लागतो. लक्षणे सुरू झाल्यावर कुत्रा साधारण १० दिवसांच्या आत मरतो. म्हणून चावल्यानंतर १० दिवस कुत्रा खात-पीत, हिंडत-फिरत नीट राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, असे म्हणता येते. हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर यांनाच लागू आहे. माकड, कोल्हा, मुंगूस किंवा गुरे यांना लावू नका.

नजर ठेवायची म्हणजे कुत्र्याला साखळीने बांधून किंवा आवारात बंद करून, लांबूनच अन्नपाणी देऊन रोज पाहायचे. पुढील बदल दिसले तर लगेच पशुवैद्यकांना कळवा.

- स्वभाव अचानक बदलणे : मायाळू कुत्रा अंगावर येणे, किंवा धीट कुत्रा कोपऱ्यात लपणे
- कारण नसताना चावत सुटणे. काठी, दगड, माती चावणे
- आवाज बदलणे, घोगरे भुंकणे
- लाळ गळणे, गिळता न येणे
- मागचे पाय लुळे पडणे, तोल जाणे
- खालचा जबडा लोंबणे

शेवटच्या लक्षणाकडे विशेष लक्ष द्या. प्रत्येक पिसाळलेला कुत्रा धावून येत नाही. काही कुत्रे अगदी मुके, सुस्त होतात. जबडा लोंबलेला दिसतो आणि घरच्यांना वाटते की घशात हाड अडकले. मग मालक तोंडात हात घालून हाड शोधतो. हातावर एखादी बारीक चीर असली तरी हा संपर्क गंभीर ठरतो. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका.

आणि एक समज सोडून द्या : "कुत्रा पाणी पितोय, म्हणजे पिसाळलेला नाही." पाण्याची भीती हे माणसाच्या रेबीजचे लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्याकडे जातो, प्यायचा प्रयत्न करतो, कधी पितोही. पाण्याची वाटी पुढे ठेवून निदान होत नाही.

कुत्रा मोकाट असेल, पळून गेला असेल, मारला गेला असेल, तर नजर ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही. तो पिसाळलेला होता असे धरूनच उपचार पूर्ण करायचे.

नजर ठेवताना तुमचा उपचार कसा चालतो?

जखम धुणे. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटेच १५ वाटतात. शेतात असाल तर बोअरचे, विहिरीचे, बाटलीतले, मिळेल ते स्वच्छ पाणी चालेल. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. तिखट, हळद, चुना, तेल, झाडपाला लावू नका, डाग देऊ नका. जखम घट्ट बांधू नका. टाके शक्यतो टाळतात. घालावेच लागले तर जखमेत सीरम दिल्यानंतरच घालतात.

जखमेचा वर्ग ठरवणे.
- पहिला वर्ग : कुत्र्याला हात लावणे, खाऊ घालणे, अखंड कातडीवर चाटणे. लस लागत नाही, हातपाय धुवा.
- दुसरा वर्ग : रक्त न आलेला ओरखडा, उघड्या कातडीला दात नुसते लागणे. लस लागते.
- तिसरा वर्ग : रक्त आलेला चावा किंवा ओरखडा, जखमेवर चाटणे, डोळ्यात-तोंडात लाळ जाणे. लस आणि जखमेत सीरम, दोन्ही लागतात.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना दुसऱ्या वर्गातही सीरम द्यावे लागते. एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार, स्टेरॉईड चालू असेल तर सांगायला विसरू नका.

लस. सरकारी दवाखान्यात बहुधा कातडीत देतात : दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिली, दिवस ०, ३, ७ आणि २८. स्नायूत दिली तर एकेक डोस दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. 'दिवस ०' म्हणजे पहिले इंजेक्शन घेतले तो दिवस, चावला तो नव्हे. लस कुल्ल्यावर देत नाहीत. पोटात १४ इंजेक्शने देण्याची जुनी पद्धत भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. तिच्या भीतीने अजून कुणी दवाखाना टाळत असेल तर त्यांना हे सांगा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ही लस सुरक्षित आहे.

सीरम. लसीने शरीरात संरक्षण तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. तोपर्यंतची मोकळी जागा सीरम, म्हणजे तयार अँटिबॉडी, भरून काढते. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. मात्रा वजनावर ठरते : घोड्याच्या सीरमचे किलोला ४० युनिट, मानवी सीरमचे किलोला २० युनिट. पहिल्या दिवशी मिळाले नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस असते, पण सीरमसाठी अनेकदा ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात जावे लागते. तिसऱ्या वर्गाची जखम असेल तर "सीरम कुठे मिळेल?" हे लस घेतानाच विचारा.

धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे आणि रेबीजची लस वेगळी. "टीटी घेतलंय" म्हणून रेबीजची लस टाळू नका.

१० दिवसांनी कुत्रा ठणठणीत असेल तर डॉक्टर पुढचे डोस बदलू शकतात. स्नायूतल्या वेळापत्रकात १४ व्या दिवसाचा डोस गाळून २८ व्या दिवसाचा देता येतो. कातडीतला कोर्स मात्र पूर्णच करतात. हा निर्णय डॉक्टरांचा, घरच्या घरी घेऊ नका. पूर्ण झालेला कोर्स वाया जात नाही. पुढे कधी पुन्हा चावा झाला तर दिवस ० आणि ३ असे दोनच डोस लागतात आणि सीरम लागत नाही. त्यासाठी लसीचे कार्ड जपून ठेवा.

कुत्र्याला लस दिलेली असली तरी?

तरीही तुमची लस सुरू करायची. कुत्र्याला पहिली लस तीन महिन्यांच्या वयात आणि पुढे दरवर्षी लागते. अनेक कुत्र्यांना एकदाच दिली जाते आणि मग विसरली जाते. लस थंड साखळीत नीट ठेवली होती का, तिचा परिणाम झाला का, हे आपल्याला कळत नाही. लसीचे कार्ड असणे चांगलेच आहे. पण ते तुमच्या लसीला पर्याय नाही.

कुत्रा मेला तर : परभणीत काय कराल?

चावल्यानंतर १० दिवसांच्या आत कुत्रा मेला तर तुमचा उपचार चालूच ठेवा आणि मृत्यूची बातमी लगेच डॉक्टरांना व पशुवैद्यकांना द्या. हीच ती वेळ, जेव्हा प्रयोगशाळा खरोखर काही सांगू शकते.

१. कुत्र्याला लगेच पुरू नका आणि हातही लावू नका. मुलांना, इतर कुत्र्यांना, कावळ्यांना दूर ठेवा.

२. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पूर्णा, कुठल्याही तालुक्यात असलात तरी सुरुवात तिथूनच करा. पशुवैद्यकीय मदतीचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. परभणी शहरात महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नमुना घेता येईल का आणि कुठे पाठवायचा, हे तिथेही विचारता येते.

३. नमुना फक्त प्रशिक्षित आणि स्वतः रेबीजची लस घेतलेल्या माणसानेच घ्यायचा. डोके स्वतः कापून पिशवीत आणू नका. आता कवटी न फोडता मानेच्या मागच्या छिद्रातूनही मेंदूचा नमुना काढता येतो.

४. वेळ महत्त्वाची. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात काही तासांतच मेंदू सडू लागतो. सडलेल्या नमुन्यावर फ्लुरोसंट चाचणी नीट होत नाही. नमुना बर्फाच्या डब्यात, गळणार नाही अशा तिहेरी वेष्टनात जातो.

५. नमुना घेऊन झाल्यावर कुत्रा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

राज्यात पुण्याला औंध येथे पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. मुंबईत परळला हाफकिन संस्था आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बंगळुरूची निम्हान्स ही रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटनेची सहयोगी संस्था आहे. परभणीहून पुणे म्हणजे एका रात्रीचा प्रवास. नमुना पोचून अहवाल परत येईपर्यंत दिवस जातात. त्या दिवसांत तुमची लस चालू असलीच पाहिजे, ती याचसाठी.

चावलेल्या कुत्र्याला गावकरी अनेकदा ठार मारतात, तेही डोक्यावर काठी घालून. यात तीन नुकसान होतात. १० दिवस नजर ठेवण्याची संधी जाते, मेंदू चेचल्याने नमुना खराब होतो, आणि मारणाऱ्याच्या अंगावर लाळ व मेंदूचा अंश उडून त्याला धोका होतो.

रिपोर्ट आला. आता?

पॉझिटिव्ह असेल तर घाबरून जाऊ नका, तुमचा उपचार आधीच चालू आहे. फक्त यादी करा : त्या कुत्र्याने गेल्या दोन आठवड्यांत आणखी कुणाला चावले, कुणाच्या जखमेवर चाटले, कुणी त्याच्या तोंडात हात घातला? घरातल्या, गल्लीतल्या अशा प्रत्येकाला दवाखान्यात पाठवा. लहान मुलांना प्रेमाने, न रागावता विचारा. ओरडा बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात.

निगेटिव्ह असेल, नमुना ताजा होता आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फ्लुरोसंट किंवा पीसीआर चाचणी झाली असेल, तर उर्वरित डोस थांबवायचे का हे डॉक्टर ठरवतील. "नमुना तपासण्यायोग्य नाही" असा शेरा असेल तर त्याचा अर्थ निगेटिव्ह नव्हे. उपचार पूर्ण करा.

"माझंच रक्त तपासा ना"

हा प्रश्नही नेहमीचा. चावा झालेल्या, लक्षणे नसलेल्या माणसात विषाणू शिरला की नाही हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. विषाणू मज्जातंतूत असतो, रक्तात नाही. लक्षणे सुरू झाल्यावर लाळ, मानेच्या मागच्या कातडीचा तुकडा, मणक्यातले पाणी यांवर पीसीआर करता येते. पण तेव्हा निदान होऊनही वाचवता येत नाही. रेबीज एकदा लक्षणांपर्यंत पोचला की जवळजवळ नेहमीच जीव जातो.

पण चावा आणि लक्षणे यांच्यामध्ये वेळ असतो. बहुतेकांत एक ते तीन महिने, क्वचित आठवडाभर, क्वचित वर्षाहून जास्त. हीच आपली संधी. म्हणून चावून आठवडे किंवा महिने उलटले असतील आणि लस घेतली नसेल, तरी आज जा. "आता उशीर झाला" असे म्हणून घरी बसू नका.

गुरांना कुत्रा चावला तर

गाय, म्हैस, बैल, शेळी यांनाही रेबीज होतो. जखम साबण-पाण्याने धुवा, पण हातमोजे घालून. पशुवैद्यक गुरांना चाव्यानंतरच्या लसींचा कोर्स देतात. पुढे जनावर चारा गिळेनासे झाले, लाळ गळू लागली, विचित्र हंबरू लागले, तर तोंडात हात घालून औषध पाजू नका. ज्यांनी आधीच तसे केले असेल त्यांनी डॉक्टरांना भेटावे. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. तरी आजारी दिसणाऱ्या जनावराचे दूध काढू नका, वापरू नका. कच्चे दूध प्यायले असेल तर डॉक्टरांना सांगा.

मग कुत्र्यांची तपासणी करायचीच कशाला?

एका रुग्णाच्या उपचारासाठी ती उशिरा येते, पण गावासाठी ती फार मोलाची आहे. कोणत्या वस्तीत रेबीज फिरतो आहे हे मेंदूच्या नमुन्यांवरूनच कळते, आणि कुत्र्यांचे लसीकरण कुठे आधी करायचे हे ठरते. शेजारच्या गोव्यात २०१३ नंतर मोकाट आणि पाळीव कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि संशयित कुत्र्यांची प्रयोगशाळेत तपासणी हे तिन्ही एकत्र केले. २०२२ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापून आलेल्या अभ्यासानुसार तिथे कुत्र्यांमधील रेबीजचे महिन्याचे प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांतील मृत्यू थांबले. भारत सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा माणसांतील रेबीज संपवण्याचा आराखडा २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी, जाहीर केला आहे. मेलेल्या संशयित कुत्र्याची खबर पशुवैद्यकांना देणे हा त्यातला तुमचा वाटा.

दवाखान्यात येताना हे सांगा

- चावा कधी झाला, जखम धुतली का, किती वेळ
- कुत्रा कुणाचा, आता कुठे आहे, जिवंत आहे का
- डिवचल्यावर चावला की उगाच (उत्तर काहीही असले तरी लस लागतेच)
- कुत्र्याला रेबीजची लस कधी दिली होती
- पूर्वी तुम्ही रेबीजची लस घेतली आहे का, कार्ड आहे का
- कुत्र्याची कोणतीही चाचणी झाली असेल तर तो कागद

कागद जरूर आणा. मात्र तो कागद मिळण्याची वाट पाहत घरी थांबू नका. आधी नळाखाली १५ मिनिटे, मग दवाखाना, आणि कुत्र्यावर नजर ठेवायला घरातले दुसरे कुणीतरी.